दशांश मिलिमीटरची वेस

मित्राच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दिवाणखान्याची एक भिंतच म्हणा ना. एकदा आत एक दगड कलंडला होता. तो सरळ करायला मी बाही मागे सारून हात पुढे केला, तर त्याने माझं मनगट धरलं. "थांब. आधी हे चढव." खोक्यातून त्याने निळे हातमोजे काढले, एकेक फुगवला, फुगलेली बोटं गालाजवळ नेऊन कुठून हवा सुटत नाही ना ते पाहिलं आणि मग माझ्या हाती दिले. दवाखान्यात असतात तसेच, नायट्राइलचे, बिनपावडरचे, फक्त कोपराच्या वर पोचणारे. जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाएवढी.

एवढ्याशा पापुद्र्याने काय अडणार, असं तेव्हा मला वाटलं. मग मी त्या प्रश्नाच्या मागे लागलो, आणि जे हाती आलं ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्या दगडावर काय होतं ते आधी सांगतो. शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्यांचा एक ताटवा होता. हिरव्या, केशरी, मधेच एखादी जांभळी. प्रत्येकीला कडेने नाजूक झालर, मध्यभागी एक चीर. पाहणारा त्यांना फुलंच म्हणेल, पण ती चीर म्हणजे तोंड आहे आणि प्रत्येक चकती एक प्राणी आहे. शास्त्रात यांना झोआंथिड म्हणतात. टाकी बाळगणारे लाडाने 'झोआ' आणि 'पॅली' म्हणतात. हे प्रवाळांचे भाऊबंद, पण चुन्याचं घर न बांधणारे. टाकीत सहज जगतात, भराभर पसरतात, म्हणून नवशिक्याला दुकानदार बहुधा हेच देतो. आणि यांच्यातल्या काहींच्या अंगात माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक असतं.

हे विष शास्त्राला सापडलं ते एका दंतकथेचा माग काढत. हवाई बेटांपैकी माऊईच्या पूर्व टोकाला हाना नावाचा मुलूख आहे. तिथली कथा अशी, की गावातले लोक मासेमारीला गेले की दर खेपेला एक माणूस कमी होऊन परत येई. संशय गेला तो एकट्याने राहणाऱ्या, पाठीवर कायम वस्त्र ओढून असणाऱ्या एका कुबड्या माणसावर. लोकांनी ते वस्त्र ओढलं, तर पाठीवर शार्कचा जबडा. त्यांनी त्याला मारलं, जाळलं आणि राख किनाऱ्यावरच्या एका डबक्यात टाकली. तेव्हापासून त्या डबक्यातलं शेवाळ विषारी झालं. त्याचं नाव 'लिमू-माके-ओ-हाना', म्हणजे हानाचं मारक शेवाळ. भाल्याच्या टोकाला ते चोळलं की जखम प्राणघातक ठरे, असं सांगत. गावकरी ती जागा दगडांनी झाकून ठेवत आणि परक्याला दाखवत नसत. तिथे हात घातला तर अरिष्ट येईल, अशी त्यांची श्रद्धा.

३१ डिसेंबर १९६१ ला हवाई विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी त्या डबक्यातून नमुने गोळा केले. त्याच दिवशी, दुसऱ्या बेटावर, त्यांच्या सागरी प्रयोगशाळेची मुख्य इमारत आगीत जळाली. तो योगायोग होता असंच मी मानतो. पण हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, हेही खरं.

शेवाळ म्हणून आणलेली ती गोष्ट शेवाळ नव्हतीच. तो झोआंथिडचा एक प्रकार होता. पुढे त्याचं नाव ठेवलं गेलं पॅलिथोआ टॉक्सिका. १९७१ साली रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी त्यातलं शुद्ध विष वेगळं केल्याचं जाहीर केलं: पॅलिटॉक्सिन. प्रयोगशाळेतल्या उंदराला शिरेतून दिलं, तर वजनाच्या किलोमागे एका मायक्रोग्रॅमचा अंशही पुरतो. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दशलक्षावा भाग.

हा रेणू तरी कसला! पाण्याच्या रेणूच्या जवळपास दीडशे पट वजनाचा, १२९ कार्बन अणू असलेला, लांबच लांब सापासारखा. जपानमधल्या नागोयात आणि हवाईत दोन गटांनी स्वतंत्रपणे त्याची रचना उलगडली ती १९८१-८२ च्या सुमारास. पण रचना कळली म्हणजे तो बनवता येतो असं नव्हे. या साखळीत अशा अनेक जागा आहेत जिथे अणू दोनपैकी एका बाजूला वळू शकतात, डाव्या-उजव्या हातासारखे. त्या सगळ्या जागा मोजल्या तर तेच अणू त्याच क्रमाने ठेवूनही जितके वेगवेगळे रेणू संभवतात, ती संख्या बावीस आकडी होते. त्यातला एकच पॅलिटॉक्सिन. हार्वर्डमध्ये योशितो किशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नेमका एक रेणू प्रयोगशाळेत घडवला आणि १९९४ साली काम पुरं केलं. कृत्रिम रसायनशास्त्रातलं एव्हरेस्ट म्हणून रसायनवाले आजही त्याचं नाव घेतात. डबक्यात मात्र तो रेणू कुठल्याही चंचुपात्राशिवाय घडत आला होता.

आता हे विष करतं काय? इथे मला सगळ्यात जास्त रेंगाळावंसं वाटतं, कारण उत्तर आपल्याच शरीरात आहे.

आपल्या प्रत्येक पेशीला एक पातळ आवरण असतं आणि त्या आवरणात असंख्य पंप बसवलेले असतात. एका फेरीत तीन सोडियम आयन बाहेर, दोन पोटॅशियम आयन आत, रात्रंदिवस, जन्मापासून. त्यामुळे पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त असा फरक टिकून राहतो. मज्जातंतूतून जाणारा संदेश, स्नायूंचं आकुंचन, हृदयाचा ठोका, सगळं या फरकाच्या जिवावर चालतं. आपण स्वस्थ पडलेले असतो तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा, पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक, या पंपांवर खर्च होतो. हा पंप शोधला डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी, १९५७ साली, आणि तोही खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंत! चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

या पंपाची रचना आपल्या किल्ल्यांच्या दुहेरी दरवाजांसारखी आहे. बाहेरचा दरवाजा उघडा असेल तेव्हा आतला बंद, आतला उघडायचा तर बाहेरचा आधी लावलेला. दोन्ही एकाच वेळी कधीच उघडे नसतात, म्हणून तर आत कोण आलं आणि बाहेर कोण गेलं याचा हिशेब राहतो. पॅलिटॉक्सिन नेमकं याच पंपाला येऊन चिकटतं आणि दोन्ही दरवाजे एकदम उघडे ठेवतं. सेकंदाला मोजके आयन ढकलणारा पंप क्षणात सताड उघडी वाट होतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात आर्टिगास आणि गॅड्सबी यांनी २००३ मध्ये हे उलगडून दाखवलं. जिथून शेकड्यांनी आयन जात तिथून लाखांनी वाहू लागतात. आतलं पोटॅशियम बाहेर, बाहेरचं सोडियम आत. आयुष्यभर जपलेला फरक विरघळून जातो. स्नायू आखडतात, रक्तपेशी फुटतात, हृदय ताल सोडतं.

आपल्या परसातली बिट्टी आठवा. पिवळ्या फुलांची, जिच्या बिया खेळायला घेतल्या म्हणून लहानपणी रट्टे मिळत. बिट्टीचं विषही याच पंपावर बसतं, पण उलट काम करतं: पंप अडवून ठेवतं. तिच्याच जातकुळीचं ओवाबेन नावाचं विष, जे आफ्रिकेत बाणांना लावत, ते आधी देऊन ठेवलं तर प्रयोगात पॅलिटॉक्सिनचा परिणाम रोखला जातो. दोन विषं एकाच दरवाजावर, एकमेकांच्या आड येणारी. त्यावरूनच तर शास्त्रज्ञांना माग लागला की पॅलिटॉक्सिनचं ठाणं कुठे असावं. औषध म्हणून मात्र हे चालत नाही. माणसासाठी पॅलिटॉक्सिनवर उतारा नाही. डॉक्टर श्वास, रक्तदाब आणि हृदय सांभाळत राहतात, बस.

धडधाकट त्वचेतून हे विष सहज आत शिरत नाही. पण टाकीवाल्याचा हात धडधाकट असतो कुठे? दगडाने खरचटलेला, नखाशी सालपट निघालेला असतो. मोजा हवा तो तिथे. आणि मोजा जिथे पुरत नाही तीही जागा सांगायला हवी, कारण सगळ्यात मोठे अपघात तिथेच झाले आहेत. नको असलेले झोआंथिड काढायला माणसं दगड पाण्याबाहेर घेतात, ब्रशने घासतात, उकळतं पाणी ओततात, नाहीतर दगडच पातेल्यात घालून उकळतात. उकळल्याने हे विष मरत नाही. ते वाफेबरोबर, तुषारांबरोबर खोलीभर पसरतं. इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये स्टीव्हन्टन गावात २०१८ साली एकाने टाकीतला दगड साफ करायला घेतला आणि सगळं कुटुंब रुग्णालयात गेलं. मदतीला आलेल्या अग्निशामक दलाच्या जवानांनाही न्यावं लागलं. अलास्कातल्या अँकरेजमध्ये २०१२ ते २०१४ या काळात घरांत आणि दुकानांत अशाच घटना घडल्या. तोंडात कडवट, धातूसारखी चव, मग थंडी वाजून ताप, खोकला, धाप, अंगदुखी. साधा फ्लू समजून माणूस झोपतो, आणि टाकी त्याच घरात असते. डोळ्यांत एक चिळकांडी उडाली तर बुबुळाला इजा होते. म्हणून मित्राकडे हातमोज्यांच्या खोक्याशेजारी चष्माही टांगलेला असतो, आणि झोआ कापायचे तर तो ते पाण्याखालीच कापतो.

दुसरी गोष्ट वेगाची आहे. झोआ, प्रवाळ, समुद्रफुलं, जेलीफिश ही सगळी एकाच मोठ्या कुळातली, आणि या कुळाची खूण म्हणजे दंशपेशी. प्रत्येकीत एक सूक्ष्म कुपी, कुपीत गुंडाळून ठेवलेली पोकळ नळी. कुपीच्या आतला दाब सुमारे १५० बार असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोनच्या आसपास भरतात. इतका दाब धरून ठेवणारी भिंत कोलॅजेनच्या जातीच्या प्रथिनांची, म्हणजे आपली कातडी आणि स्नायुबंध ज्याचे बनतात त्याच घराण्यातली. गोड्या पाण्यातला हायड्रा हा यांचाच नातेवाईक. जर्मन संशोधकांनी सेकंदाला १४ लाखांहून अधिक चित्रं टिपणारा कॅमेरा त्याच्यावर लावला आणि २००६ मध्ये सांगितलं की कुपीतून नळीचा काटा सुटायला ७०० नॅनोसेकंद लागतात. पापणी एकदा लवते तेवढ्यात हे लाखभर वेळा उरकेल. काट्याचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ५० लाख पटींहून जास्त. सजीव सृष्टीत याहून वेगवान हालचाली फार थोड्या. आणि ती होते ती मेंदू नसलेल्या प्राण्याच्या एका पेशीत.

मग कागदाएवढा मोजा यापुढे टिकतो कसा? या नळ्या फार आखूड असतात. टोचतात जोरात, पण पोचतात थोडंच. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये समुद्रकिनाऱ्यावरचे जीवरक्षक बॉक्स जेलीफिशपासून बचाव म्हणून बायकांचे पातळ पायमोजे अंगावर चढवत, तेही याच भरवशावर. साळिंदरासारखे काटे असलेला समुद्री किडा, ज्याला टाकीवाले ब्रिसल वर्म म्हणतात, त्याच्यापुढे मात्र पातळ नायट्राइल फारसं चालत नाही. त्याचे चुन्याचे केस तुटून कातडीत राहतात आणि चिकटपट्टी लावून ओढून काढावे लागतात. दगड हलवायचे तर मोजा जाड हवा.

एखादा डंख सोसला, आता सवय झाली, असं म्हणणाऱ्याला मी एक हकिकत सांगतो. १९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचा राज्यकर्ता पहिला आल्बेर याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच संशोधक होते. 'फिसालिया' नावाच्या डंख मारणाऱ्या समुद्रजीवाच्या विषाचा त्यांनी तिथे अभ्यास केला. ही फिसालिया आपल्याला अनोळखी नाही. पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या वाळूत निळ्या फुग्यांसारख्या पडलेल्या ब्लू बॉटल म्हणजे तीच. पॅरिसला परतल्यावर फिसालिया मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रफुलाचं विष घेतलं आणि कुत्र्यांना थोडं थोडं देऊन पाहिलं. अपेक्षा अशी, की लसीसारखं होईल, प्रतिकार वाढेल. नेपच्यून नावाच्या कुत्र्याला पहिला डोस सहज पचला. तीन आठवड्यांनी तितकाच लहान डोस दिला, आणि तो अर्ध्या तासाच्या आत मेला. शरीराने पहिली भेट लक्षात ठेवली होती, पण संरक्षणासाठी नव्हे. रिशे यांनी याला नाव दिलं 'ॲनाफिलॅक्सिस'. शेंगदाण्याने, मधमाशीच्या डंखाने, इंजेक्शनने येणारी ती जीवघेणी ॲलर्जी पहिल्यांदा ओळखली गेली ती अशी, एका समुद्रफुलामुळे. १९१३ चं नोबेल रिशे यांना याच कामासाठी मिळालं.

तिसरा धोका सर्वांत मुकाट. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या समुद्री माशांत जोसेफ ॲरनसन यांना एक जिवाणू सापडला, मायकोबॅक्टेरियम मरिनम. क्षयाच्या आणि कुष्ठरोगाच्या जंतूंचा हा सख्खा नातलग. माणसाच्या बोटावर बारीक जखम असेल आणि हात टाकीत गेला, तर दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, तिथे एक लालसर गाठ उठते. दुखत नाही फारशी. मग दुसरी, जरा वर. लसीकावाहिन्यांच्या वाटेने गाठींची माळ हातावर चढत जाते.

ही माळ बहुधा हातावरच थांबते, खोल अवयवांत उतरत नाही, याचं कारण मला फार सुंदर वाटतं. या जिवाणूला ३० ते ३३ अंश तापमान मानवतं. ३७ अंशांना तो नीट वाढत नाही. आपली बोटं, मनगटं गाभ्याहून गार असतात, म्हणून तो तिथे रमतो. आपली ऊबच त्याला पुढे येऊ देत नाही. पण त्यामुळेच निदानात घोटाळा होतो. प्रयोगशाळा नमुना सवयीने ३७ अंशांवर ठेवते, तिथे काही उगवत नाही, आणि रुग्ण महिनोन् महिने या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरतो. "घरी माशांची टाकी आहे" हे एक वाक्य त्याने सांगितलं तर सगळं बदलतं. तरीही औषधं काही महिने घ्यावी लागतात. त्यात क्षयावरची रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉलही असतात.

याच जिवाणूने क्षयाच्या अभ्यासाला केवढा हात दिला! बडोद्यात वाढलेल्या आणि तिथेच वैद्यकी शिकलेल्या डॉ. ललिता रामकृष्णन यांनी झेब्राफिशच्या पिल्लांत मरिनमचा संसर्ग घडवून तो पाहिला. ही पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात; सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत माशात गाठ बांधली जाताना दिसते. क्षयातली गाठ म्हणजे शरीराने जंतूंभोवती घातलेली भिंत, असं दीर्घकाळ मानलं जाई. २००९ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की सुरुवातीच्या काळात जंतू त्याच गाठीचा वापर स्वतःच्या प्रसारासाठी करतात. रक्षणाला आलेल्या पेशी जंतूंच्या वाहनासारख्या वागतात.

एवढं ऐकल्यावर मी मित्राला म्हटलं, "म्हणजे मोजा माझ्यासाठी." तो म्हणाला, "निम्मा तुझ्यासाठी."

शल्यक्रियेच्या रबरी मोज्यांचा इतिहास काहीसा असाच आहे. १८८९-९० च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड हे शल्यविशारद होते. त्यांच्या परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात निर्जंतुकीकरणाच्या पारायुक्त द्रावणाने भाजून निघत. हॉल्स्टेड यांनी त्यांच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. १८९० मध्ये दोघांचं लग्नही झालं. मोजे आले ते हात वाचवायला. त्यांनी रुग्ण वाचतात हे पुढे काही वर्षांनी, जखमा चिघळण्याचं प्रमाण मोजल्यावर ध्यानात आलं.

टाकीच्या बाजूने पाहिलं तर माझा हात काही स्वच्छ वस्तू नाही. त्याच्यावर साबणाचा लेप असतो, क्रीम असतं, उन्हाचं मलम असतं, स्वयंपाकातलं तेल असतं. प्रवाळांना, कोळंबीला, शंखांना तांबं फार सोसत नाही. माशांवरच्या काही औषधांत ते असतं, आणि दुसऱ्या टाकीत औषध घालून तसाच ओला हात इकडे घातला तर इथे मरणं सुरू होतात. उन्हाच्या मलमातल्या ऑक्सिबेन्झोनसारख्या रसायनांची प्रवाळांना बाधा होते म्हणून हवाई राज्याने २०१८ साली कायदा केला आणि १ जानेवारी २०२१ पासून तशा मलमांची विक्री थांबवली. तेच हवाई, जिथे हानाच्या डबक्यावर दगड रचले होते. मोजा चढवण्याआधीही मित्र हात नुसत्या पाण्याने खळखळून धुतो, आणि मोजा बिनपावडरचाच घेतो, कारण पावडर पाण्यात उतरते.

मी पुन्हा हात घातला तो मोज्यातून. पाण्याची ऊब कळली, ओल नाही. दगड उचलला तसा सगळा ताटवा एका दमात मिटला. बटणं काजात शिरावीत तसा. दगड सरळ ठेवून हात काढला आणि आम्ही काचेसमोर बसून राहिलो. दहा-बारा मिनिटांनी एक चकती अर्धी उघडली. मग तिच्या शेजारची.

यांचेच भाऊबंद मुंबईत आहेत, हे मला त्यानंतर कळलं. हाजी अलीच्या आसपास मोठी ओहोटी लागली की खडकांच्या खाचांत झोआंथिडचे तपकिरी-हिरवे पट्टे उघडे पडतात. जवळच कुठे कुठे खरे प्रवाळही असतात. ते आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला, म्हणून तिथून उचलायचं काहीच नाही. मी गेलो तेव्हा मोजे नव्हते, म्हणून हात पाठीमागे बांधून उकिडवा बसलो. सगळे मिटलेले, चिखलाने माखलेले, शेकडो बंद मुठींसारखे. मागे सागरी रस्त्यावरून गाड्या जात होत्या. तासाभराने भरतीची पहिली लाट खाचेत शिरली आणि चिखल धुऊन गेला.